सीमाभाग गोल्फ अजिंक्यपदाचा साद्यंत इतिहास

गोल्फ या खेळाशी हरिभाऊ देसूरकरांचा आयुष्यात एकदाच संबंध आला होता, आणि तोही खेळाने त्यांच्याशी लावून घेतला होता. बेळगुंदीहून स्कूटरवरून परतताना माळावरून एक पांढरा चेंडू सूं करत आला आणि डिकीला पोचा पाडून गेला. मारणारा कोण ते दिसलं नाही. चेंडू मात्र हरिभाऊंनी नुकसानभरपाई म्हणून घरी आणला. कशाचा काही उपयोग नाही असं त्यांच्या पत्नी विद्युल्लताबाईंच्या घरात चालत नाही, म्हणून पुढे बरीच वर्षं त्या चेंडूवर मोजे ताणून रफू होत राहिले.

एका रविवारी सकाळी वकील सुहास टिळकवाडीतल्या त्यांच्या घरी आले आणि "सर, एक इतिहास लिहून पायजे," म्हणाले, तेव्हा हरिभाऊंनी आधी "हो" म्हटलं आणि मग "कशाचा?" असं विचारलं. घाईला कारण होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गावातल्या पतसंस्था, वाचनालयं, तालमी यांच्या स्मरणिका हरिभाऊंनीच लिहायच्या, असा अलिखित नियम होता. पण गेल्या वर्षी एका पतसंस्थेने ते काम एका तरुणाला दिलं. त्याने म्हणे मोबाइलवर बोटं फिरवून दोन दिवसांत सगळं उरकलं. "हरिभाऊ आता थकले," असं कुणीतरी खडेबाजारात म्हणाल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. ते वाक्य त्यांना आंघोळ करतानासुद्धा आठवायचं.

"सीमाभाग विभागीय व्यावसायिक गोल्फ अजिंक्यपद स्पर्धेचा," सुहास एका दमात म्हणाले. "रौप्यमहोत्सव हाय. मोठा कार्यक्रम. लेखक व्यासपीठावर बसणार."

"पण गोल्फमधलं मला काही कळत नाही."

"आम्हाला तरी कुठं कळतंय? गोल्फ मंडळाच्या जागेची केस मी जिंकली म्हणून मला अध्यक्ष केलंय. तुम्ही नावं, सालं, फोटो टाका. इतिहास तो इतिहास."

हे हरिभाऊंना पटलं. पानिपताची लढाई ते शाळेत तीस वर्षं शिकवत आले होते, आणि तलवार त्यांनी कधी हातात धरली नव्हती.

बातमी शेजारी पोचायला चहा उकळेपर्यंतचाच वेळ लागला. शेजारचे आण्णाप्पा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतून निवृत्त झालेले. जगात ज्यावर त्यांचं मत नाही असा विषय अजून निघायचा होता. ते कुंपणावरूनच म्हणाले, "त्यात काय हाय सर? काठी, चेंडू आन् बीळ. आपला विटीदांडूच की! फकस्त विटी गोल केलीय सायबानं. ज्यो जास्त हाणंल त्यो पयला."

"नक्की?"

"लई सोपा खेळ हाय वो. उगंच टोपी घालून अवघड केलाय."

हरिभाऊंनी ही व्याख्या मनात पक्की केली. इतका सोपा खेळ आपण इतकी वर्षं टाळला याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

आता साधनं गोळा करायची होती. मंडळाचा चांदीचा करंडक होता आणि त्यावर प्रत्येक विजेत्याचं नाव कोरलेलं होतं, असं सगळे सांगत. करंडक माळावरच्या खोलीत कपाटात होता. कपाटाची किल्ली माजी चिटणिसांकडे होती, आणि माजी चिटणीस निपाणीला राहायला गेले होते. हरिभाऊ एसटीने निपाणीला गेले. चिटणीस त्या दिवशी बारशाला सदलग्याला गेलेले. घरच्यांनी हरिभाऊंना बसवून घेतलं, चहा दिला, पोहे दिले, पुन्हा चहा दिला, आणि हे बारशाचेच पाहुणे असून चुकून इकडे आले असावेत अशी त्यांची समजूत झाल्यामुळे एका आजींनी बाळासाठी झबलंही हातात ठेवलं. ते परत करता करता पुरेवाट झाली. संध्याकाळी चिटणीस आले, किल्ली मिळाली.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं. करंडक होता. पण माळावरच्या राखणदाराच्या बायकोने तो दर महिन्याला चिंच आणि राख लावून इतक्या निष्ठेने घासला होता की एकही नाव शिल्लक राहिलेलं नव्हतं. "कसा झळकतोय बगा!" ती कौतुकाने म्हणाली. हरिभाऊंनी निरखून पाहिलं, तर करंडकावर फक्त त्यांचाच चेहरा दिसत होता, आणि तोही जरा लांबट.

उरली वाचनालयातली जुनी वर्तमानपत्रं. हरिभाऊंनी धूळ झटकत पहिल्या वर्षीचा निकाल शोधून काढला. नावं आणि पुढे आकडे, एवढाच मजकूर. सगळ्यात वर सदलग्याचा नागेंद्र, दोनशे एक्याऐंशी. मग खाली आकडे चढत गेलेले. आणि सगळ्यात तळाला बेळगुंदीचा मष्णू, तीनशे चौतीस!

हरिभाऊंनी चष्मा पुसला. तीनशे चौतीसवाला तळाला? त्यांनी दुसरं वर्ष काढलं, तिसरं काढलं. दर वर्षी तोच घोळ. मोठा आकडा खाली, लहान आकडा वर. दुसरा कुणी असता तर इथे थबकून विचारात पडला असता. पण इतिहासकार साधनांपुढे मान तुकवत नाही, त्यांची चिकित्सा करतो, हे हरिभाऊंनी मुलांना अनेकदा सांगितलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे तळटीप लिहिली: "तत्कालीन वृत्तपत्रांत क्रीडा निकाल उलट क्रमाने छापण्याची चमत्कारिक प्रथा होती. जुळाऱ्यांच्या या निष्काळजीपणामुळे अनेक गुणी खेळाडूंवर अन्याय झाला असून प्रस्तुत लेखकाने तो दूर केला आहे." त्याच बातमीत नागेंद्रला शेवटच्या दिवशी पाच 'बर्डी' मिळाल्याचा उल्लेख होता. त्यावर त्यांनी आणखी एक टीप दिली, की माळावर त्या काळी पक्ष्यांचा उपद्रव फार होता, आणि वन खात्याने त्याची दखल घेतल्याचं आढळत नाही.

अशा रीतीने पंचवीस वर्षांच्या पंचवीस याद्या हरिभाऊंनी स्वहस्ते सरळ केल्या.

बाकीचे विजेते बाहेरगावचे होते, पत्ते लागेनात. पण आद्य विजेता हाकेच्या अंतरावर होता. हरिभाऊ स्कूटर काढून बेळगुंदीला गेले. मष्णू अंगणात बांबू तासत बसला होता. पन्नाशीचा, वाळका, उन्हाने रापलेला. लहानपणी माळावर साहेबांच्या पिशव्या वाहायचा, मग स्वतः खेळायला लागला, पहिल्या स्पर्धेत उतरला, आणि नंतर खेळ सुटला तो सुटलाच.

"तुम्ही त्या वर्षीचे अजिंक्यवीर," हरिभाऊ म्हणाले. "तुमचा पहिला नंबर."

मष्णूच्या हातातला कोयता तसाच राहिला. "माजा?"

"तुमचा. मी पुराव्यानिशी सिद्ध केलंय. छापून येणार आहे."

"छापून येणार म्हंजे..." मष्णूने डोकं खाजवलं. "आता तुमी मास्तर म्हन्ताय म्हटल्यावर व्हय म्हनायचं की."

हरिभाऊंनी याला विनय समजून तशी नोंद घेतली. तेवढ्यात अंगणाच्या दुसऱ्या टोकाला एक धिप्पाड माणूस बैल बांधता बांधता थांबला. तो मष्णूचा थोरला भाऊ भरमू. एका अंगणात दोन चुली होत्या, आणि दोघा भावांत अक्षराचं बोलणं नव्हतं. शेत सोडून हा काठी घेऊन माळावर हिंडतो, आळशी आहे, कामाला कंटाळतो, असं म्हणून त्या स्पर्धेच्याच संध्याकाळी भरमूने धाकट्याला वेगळं काढलं होतं. काही निरोप असला तर बायकांमार्फत जायचा. भरमू हरिभाऊंकडे आला आणि मष्णूकडे न बघता म्हणाला, "सर, ह्यो पयला आलता? आमचा मष्णू?"

"पहिला. निर्विवाद."

भरमू पुन्हा बैल बांधायला गेला. पण तिसऱ्या दिवशी बेळगुंदीच्या वेशीत मोठा फ्लेक्स लागला. मष्णूचा आधारकार्डावरचा फोटो, डोक्यावर संगणकाने चढवलेला फेटा, आणि खाली 'शुभेच्छुक: थोरला भाऊ भरमू'. पैसे भरमूनेच भरले होते. मष्णू रोज उगाच त्या बाजूने जाऊन यायला लागला, असं हरिभाऊंना कळलं, आणि आपल्या लेखणीत अजून जोर आहे याबद्दल त्यांची खात्री पटली.

शहरात मंडळाचाही फलक लावायचा होता. त्याच्या परवानगीसाठी हरिभाऊ कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी मजकूर पाहिला आणि शांतपणे सांगितलं, कन्नड वर पाहिजे, मोठं पाहिजे. हरिभाऊंनी कन्नड वर घेतलं. मग मराठी फार खाली गेलं म्हणून मंडळातले दोन सभासद रुसले. मराठी जरा वर ओढलं तर मष्णूचा फोटो मावेना. फोटो लहान केला तर साहेबांनी विचारलं, हा मनुष्य कोण, याचं ना हरकत पत्र कुठाय? प्रत्येक खेपेला शेवटी एकच वाक्य ऐकू यायचं, "नाळे बन्नी सर." उद्या या. हरिभाऊ इतके उद्या गेले की शिपाई त्यांना खात्यातलेच समजून सलाम करायला लागला. अखेर परवानगी मिळाली ती फक्त कार्यक्रम संध्याकाळी सहाला आहे एवढं लिहिण्याची. कसला कार्यक्रम ते लिहायला जागाच उरली नाही.

युवराजच्या छापखान्यातून स्मरणिकेचे गठ्ठे बांधून आले. हरिभाऊंनी पहिली प्रत देवापुढे ठेवली. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी. आणि त्याच दुपारी दारात एक टापटीप माणूस उभा राहिला. हातात निमंत्रणपत्रिका.

"मी नागेंद्र, सदलग्याचा. मला उत्तेजनार्थ बक्षीस हाय असं लिवलंय तुमी."

"या या!" हरिभाऊ उदार हसले. "शेवटचा आलेल्याचाही मान राखावा, असा माझा आग्रह होता. हरण्यात कमीपणा नाही."

"पण सर, मी पयला आलतो."

हरिभाऊंनी त्याला मायेने खुर्चीवर बसवलं आणि वर्तमानपत्रांच्या उलट्या प्रथेबद्दल सांगितलं. नागेंद्रने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "सर, गोल्फमधे कमी टोल्यांत चेंडू बिळात घालायचा असतोय. ज्याचे टोले कमी त्यो पयला. बर्डी म्हंजे बी ठरल्यापरास एक टोला कमी."

"म्हणजे कमी मार्कांना पहिला नंबर?" हरिभाऊ म्हणाले. "असं जगात कुठे असतं?"

"धावण्यात," चहा घेऊन आलेल्या विद्युल्लताबाई म्हणाल्या. "ज्याला कमी वेळ लागतो तो पहिला." आणि त्या साखर आणायला आत गेल्या.

हरिभाऊंनी देवापुढची प्रत उचलून उघडली. पंचवीस वर्षांचे पंचवीस विजेते त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत उलटे करून ठेवले होते. दर वर्षी जो सगळ्यात शेवटी आला, त्याच्यावर एक-एक पान गौरवपर मजकूर होता. ते धावत युवराजकडे गेले आणि शुद्धिपत्र छापता येईल का म्हणून विचारलं. युवराजने पानं चाळली. "येईल की सर. पण शुद्धिपत्र पुस्तकापेक्षा जाड होतंय." मग ते सुहासांकडे गेले. सुहास म्हणाले, "सर, स्मरणिका वाचतंय कोण? जो तो आपला फोटो बघून रद्दीत टाकतोय. गप्प राहा."

गप्प राहणं सोपं होतं. पण नागेंद्र जाताना काही भांडला नव्हता, उलट पाया पडून गेला होता, आणि ते हरिभाऊंना जास्त लागलं. खरोखर पहिला आलेल्या माणसाला आपण उत्तेजनार्थ ढाल देणार, या विचाराने त्यांना घरात बसवेना. संध्याकाळी ते पुन्हा बेळगुंदीला गेले.

मष्णूने सगळं शांतपणे ऐकलं. "ठावं हाय की सर. मी शेवटचाच आलतो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं नियम बदलला आसंल. दिल्लीत रोज कायतरी बदलतंय." मग त्याने अंगणापलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "फ्लेक्स लावल्याधरनं अण्णा माज्याकडं बघतोय सर. बोलत न्हाय, पन बघतोय. काल माज्या दारात भाजीची पाटी ठिवून गेला. उद्या खरं सांगा तुमी, नागेंद्रचा मान हाय त्यो. पन अण्णा सभेतनं उठून गेल्यावर सांगा. त्याच्यासमोर नगं." त्याचे डोळे भरून आले होते. हरिभाऊंनी शब्द दिला.

मंगल कार्यालय भरलं होतं. पुढच्या रांगेत नवा फेटा बांधून भरमू, त्याच्यामागे बेळगुंदीची मंडळी. व्यासपीठावर सुहास, मष्णू, नागेंद्र आणि हरिभाऊ. सूत्रसंचालकाने हरिभाऊंना बोलायला बोलावलं. बेत साधा होता. भरमू तंबाखू खाणारा माणूस, पिंक टाकायला बाहेर जाणारच. तोवर बोलत राहायचं.

हरिभाऊंनी कदंबांपासून सुरुवात केली. भरमू हलला नाही. रट्ट घराणं झालं, विजयनगर झालं, आदिलशाही झाली. नागेंद्र घड्याळ बघू लागला. भरमू मांडी ठोकून बसलेला, नजर भावावर. इंग्रज आले, लष्कराचा कॅम्प वसला, रेल्वे आली. मागच्या रांगा चहाकडे वळल्या. सुहासांनी एक चिठ्ठी पुढे सरकवली, 'आवरा'. हरिभाऊंनी त्या चिठ्ठीवरून कागदाच्या इतिहासाकडे मोर्चा वळवला. आता फक्त स्वतःचं आत्मचरित्र सांगणं बाकी होतं. आणि एकदाचा भरमू उठला, गाल फुगवून बाहेर गेला.

"मंडळी!" हरिभाऊ एका श्वासात म्हणाले, "माझी चूक झाली! गोल्फमध्ये ज्याचे टोले कमी तो पहिला! पहिल्या वर्षी नागेंद्र जिंकले, दोनशे एक्याऐंशी! मष्णू शेवटचे आले, तीनशे चौतीस! सत्कार नागेंद्रचा! मी क्षमा मागतो!"

सगळं बोलून झालं, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की कार्यालयाबाहेर, बरोबर पिंक टाकायच्या जागेवर, मंडपवाल्याने कर्णा बांधला आहे. आतल्यापेक्षा बाहेर जास्त मोठ्याने ऐकू येत होतं.

भरमू दारात उभा होता. तो सरळ चालत व्यासपीठावर चढला. सुहास वकील असूनही खुर्ची मागे सरकवून बसले. मष्णूने मान खाली घातली. हरिभाऊंनी डोळे मिटून घेतले, कारण या वयात मार खाण्याची त्यांना सवय राहिली नव्हती.

"सर, ह्यानं किती मारले म्हनालासा?" भरमूने विचारलं.

"तीनशे चौतीस."

"आन् ह्या पावण्यानं?"

"दोनशे एक्याऐंशी."

"त्याच उनात? त्याच माळावर?"

"व्हय अण्णा," नागेंद्र म्हणाला. "चार दिस."

भरमूने माइक हरिभाऊंच्या हातातून काढून घेतला, पण तोंडाशी धरायचं विसरला. गरजही नव्हती. "म्हंजे समद्यांत जास्त ह्यो राबला, आन् ह्योच शेवटचा? आमच्यात ज्यो जास्त राबतोय त्याला आमी आळशी म्हनत न्हाय." तो मष्णूकडे वळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो त्याच्याशी थेट बोलत होता. "चार दिस उनात राबून त्या सांजंला तू घरला आलास, आन् मी दार लावून घेतलं रं. जेवलास का म्हून बी इचारलं न्हाय. सांगायचं न्हाईस व्हय मला, एवढं राबलो म्हून?"

बेळगुंदीच्या रांगांनी टाळ्या सुरू केल्या. नागेंद्रही उभा राहून टाळ्या वाजवू लागला. सुहास हरिभाऊंच्या कानाशी वाकून म्हणाले, "सर, मग शेवटी जिंकलं कोण?"

हरिभाऊंचं तिकडे लक्ष नव्हतं. मष्णू डोळे पुसत, खरेपणाने, भावाला समजावू लागला होता, "अण्णा, तसं नसतंय त्ये. जास्त टोले म्हंजे माजे नेमच चुकत व्हते..."

तीस वर्षं मुलांची एकही चूक दुरुस्त केल्याशिवाय न सोडलेल्या हरिभाऊंनी पाठीमागून मष्णूचा सदरा घट्ट ओढला आणि ते दबक्या आवाजात म्हणाले, "गप्प बसा हो!"